हौदा, वर्गणी आणि गाव

१ नोव्हेंबर म्हटलं की आमच्या सीमाभागात काळा दिवस. १९५६ साली राज्यं नव्याने आखली गेली, बेळगाव, खानापूर, निपाणी तेव्हाच्या म्हैसूर राज्यात गेली, आणि तेव्हापासूनच्या निषेधफेऱ्या इथल्या तीन पिढ्यांनी पाहिल्या. त्याच तारखेला, पण १८८४ साली, आयर्लंडमधल्या टिपरेरी काउंटीत थर्ल्स गावच्या हेज हॉटेलात थोडी माणसं जमली होती. मायकेल क्युसॅक नावाचा शिक्षक, मॉरिस डेव्हिन नावाचा नावाजलेला खेळाडू आणि त्यांच्या ओळखीतले काही जण. इंग्रजांच्या खेळांपुढे आपलं काठी-चेंडूचं हर्लिंग आणि आपला फुटबॉल मरायला टेकलाय, त्यांचे नियम लिहून काढू, संघ उभे करू, एवढाच विषय. त्या बैठकीतून गेलिक अ‍ॅथलेटिक असोसिएशन निघाली. तारीख जुळली हा निव्वळ योगायोग. त्यातून अर्थ काढायला मी जाणार नाही. पण सीमाभागातल्या तालमींवरच्या या लेखसंग्रहाची प्रस्तावना लिहायला बसलो आणि आयर्लंड डोक्यातून जाईना, याला कारण तारखेपेक्षा मोठं आहे.

१९२१ साली आयर्लंडची फाळणी झाली. बत्तीसपैकी सहा काउंट्या ब्रिटनकडे राहिल्या. पोलीस वेगळे झाले, टपाल वेगळं झालं, पुढे नाणंही वेगळं झालं. असोसिएशनने मात्र आपला नकाशा बदलला नाही. अल्स्टर प्रांताच्या नऊ काउंट्या, सहा पलीकडच्या आणि तीन अलीकडच्या, आजही एकाच स्पर्धेत खेळतात, आणि त्या स्पर्धेचे कितीतरी अंतिम सामने क्लोन्स नावाच्या अगदी हद्दीवरच्या गावात झाले आहेत. १९६० साली डाउन काउंटीने अखिल आयर्लंड फुटबॉलचा सॅम मॅग्वायर चषक जिंकला, तेव्हा तो पहिल्यांदा हद्द ओलांडून उत्तरेत गेला. सरकारांनी आखलेली रेषा खेळाने मोडली नाही. फक्त तिच्याकडे लक्ष दिलं नाही.

आमच्याकडे असं काही कुणी ठरवून केलेलं नाही. तरी झालं तेच. श्रीपती खंचनाळ्यांचं उदाहरण घ्या. चिकोडी तालुक्यातल्या एकसंब्याचा हा माणूस कोल्हापूरच्या मातीत घडला, कर्नाटक केसरी झाला, आणि १९५९ साली दिल्लीत पंजाबच्या बंता सिंगला हरवून देशाचा पहिला हिंद केसरी ठरला. कोल्हापूर त्यांना आपलं म्हणतं, एकसंबं आपलं म्हणतं, आणि दोघांचंही खरं आहे. गावच्या यात्रेतल्या मैदानाचं हँडबिल कधी नीट वाचलंत तर त्यावर सांगली, कोल्हापूर, कंग्राळी, दावणगिरी ही नावं शेजारी शेजारी दिसतील. जोड लावणारी कमिटी पैलवानाचं वजन विचारते, वस्ताद कोण ते विचारते, गेल्या मैदानात कुणाला पाडलं ते विचारते. राज्य विचारत नाही. माइकवरचा माणूस मराठीतून सुरुवात करतो आणि समोर रायबागकडचा मल्ल उतरला की सहज कानडीवर येतो. बेळगावच्या चौकात जे प्रश्न दगड उचलायला लावतात, ते मैदानाच्या दोराआत शिरत नाहीत. मी याचं कौतुक करतोय, पण भाबडेपणाने नाही. मैदान संपलं की माणसं आपापल्या बाजूला जातातच.

तालीम म्हणजे काय, हे इथल्या वाचकाला सांगायची गरज नाही, असं मला वाटत होतं. आता वाटत नाही. जिममध्ये जाणाऱ्या पोराला हौदा ठाऊक असतो तो सिनेमातला. म्हणून थोडं सांगतो. आमच्या जांबोटी-कणकुंबी पट्ट्यात, जिथे मलप्रभा उगम पावते आणि चोर्ल्याच्या घाटातून गोव्याचा पाऊस थेट अंगावर येतो, तिथे जूनपासून चार महिने हवेलाच ओल असते. अशा जागी हौद्याची माती राखणं हे कुस्ती शिकण्यापेक्षा अवघड काम. उकरली नाही तर दोन दिवसांत घट्ट बसते, आठवड्यात बुरशी धरते. म्हणून पहाटे दिवा लावला, कोनाड्यातल्या मारुतीला हात जोडले की पहिलं काम फावड्याचं. माती खालपासून वर काढायची, ढेकळं फोडायची, खडा दिसला की वेचून बाहेर टाकायचा. अधूनमधून तीत तेल, ताक, हळद, लिंबाचा रस, कापूर पडतो. हळदीने जखम पिकत नाही, तेलाने अंग सोलवटत नाही. एवढं झाल्यावर जोर, बैठका, सपाट्या, आणि मग कुठे जोडीला जोड.

नव्या पोराच्या हातात वस्ताद आधी फावडं देतात, डाव नंतर. ढाक, कलाजंग, घिस्सा, एकेरी पट हे सगळं पुढचं. सावकाराचा मुलगा असो की गड्याचा, माती दोघांनी उकरायची, आणि लंगोटावर उभं राहिल्यावर कोण कुणाचा हे ओळखू येत नाही. येत नाही म्हणतो, पण इथे जरा थांबायला हवं. कुठल्या आळीतल्या पोराला हौद्यात उतरू दिलं जायचं आणि कुणाला दारातून बघावं लागायचं, याचा इतिहास प्रत्येक गावात सारखा नाही. राजर्षी शाहूंनी कोल्हापुरात कुस्तीला राजाश्रय दिला, १९१२ साली खासबागेचं मैदान खुलं झालं, आणि त्यांच्या दरबारात मल्लाची जात आड आली नाही. पण संस्थानच्या राजाने केलं ते खेड्यातल्या पाटलाने केलंच असेल असं नाही. तालमींवर लिहिणारे लोक या ठिकाणी हमखास भावुक होतात. होऊ नये.

तालमीचं खरं काम हौद्याबाहेर चालतं, हे या प्रस्तावनेत मला मुख्यतः सांगायचं आहे. रात्री दोन वाजता कुणाच्या घरी मयत झाली तर लाकडं कोण आणतं? पावसात ओढ्याला पाणी चढलं आणि पलीकडच्या वस्तीवर बाळंतीण अडली तर दोर घेऊन कोण जातं? यात्रेत पालखीच्या पुढे जागा कोण करतं, महाप्रसादाच्या पातेल्यांना हात कोण लावतं, बेळगावात शिवजयंतीच्या चित्ररथावर महिनाभर रात्री जागून सुतारकाम कोण करतं? सैन्यभरतीच्या आधी पोरांना पहाटे पळवून कोण आणतं? बेळगावात मराठा लाइट इन्फंट्रीचं केंद्र आहे, आणि या भागातल्या किती घरांत त्या पलटणीची पेन्शन आली याचा विचार केला तर शेवटचा प्रश्न किरकोळ नाही हे कळेल. या सगळ्या प्रश्नांचं उत्तर एकच असायचं: तालमीतली पोरं. म्हणजे गावाला ज्या वेळी पंधरावीस धट्टीकट्टी, एकमेकांचं ऐकणारी, हाकेसरशी येणारी माणसं लागतात, त्या वेळी ती कुठे सापडतील याचा पत्ता म्हणजे तालीम. कुस्ती हे ती एकत्र येण्याचं निमित्त.

आयर्लंडचे क्लबही असेच आहेत. तिथे क्लब बांधला जातो तो पॅरिशवर, म्हणजे एका चर्चच्या हद्दीतल्या गावावर. ज्या गावात वाढलात त्याच्यासाठी खेळायचं, चांगला पैसा देतो म्हणून शेजारच्या गावाकडे जायचं नाही. पैसा मुळातच नाही. डब्लिनच्या क्रोक पार्कवर ब्याऐंशी हजार लोकांसमोर अंतिम सामना खेळलेला माणूस पुन्हा शाळेत शिकवायला किंवा गोठ्यात गाईंकडे जातो. १९६९ पासून असोसिएशन ‘स्कोर’ नावाची स्पर्धा घेते. तीत क्लबची माणसं गाणं, नाच, वाद्य, प्रश्नमंजूषा यांत उतरतात. २०२० साली करोनाच्या टाळेबंदीत म्हाताऱ्या माणसांना औषधं आणि किराणा पोचवायचा प्रश्न आला, तेव्हा यादी, गाड्या आणि पोरं गावोगावच्या क्लबांकडे तयारच होती. २०१९ आणि २०२१ च्या महापुरांत कोल्हापूरच्या तालमींनी जे केलं ते आठवून पाहा. वेगळं काहीच नाही.

तुलना इथवर बरी चालते. पुढे ती अडते. आपली कुस्ती कधी हौशी नव्हती. पैलवान इनामासाठी लढतो, त्यात लाज नाही. रोजचं दूध, तूप, बदाम, थंडाई हा खुराक शेतमजुराच्या घरातून निघत नाही. राजा द्यायचा, नंतर साखर कारखाने देऊ लागले, आता पुढाऱ्याचा वाढदिवस देतो. लहान पोरांच्या नारळावरच्या कुस्त्यांपासून शेवटच्या जोडीच्या लाखाच्या इनामापर्यंत मैदान चढत जातं आणि त्या चढणीवरच प्रेक्षक टिकतो. आयरिश माणसाचा बिनपैशाचा हट्ट मला आवडतो, पण तो आपल्या पैलवानाला शिकवायला जाऊ नये. ज्याच्या घरी चार एकर ओलीत आहे त्याने हौसेने लढावं. बाकीच्यांना पोट आहे.

हट्टावरून आणखी एक आठवलं. असोसिएशनचा एक नियम असा होता की सभासदाने परके, म्हणजे इंग्रजी, खेळ खेळायचेही नाहीत आणि बघायचेही नाहीत. १९३८ साली आयर्लंडचे राष्ट्राध्यक्ष डग्लस हाइड पोलंडबरोबरचा सॉकरचा सामना पाहायला गेले. हे हाइड म्हणजे आयरिश भाषा जगवण्यासाठी आयुष्य घातलेला माणूस आणि असोसिएशनचे आश्रयदाते. तरी त्यांचं नाव आश्रयदात्यांच्या यादीतून काढून टाकलं. तो नियम १९७१ साली गेला. आता कोल्हापूरकडे या. तिथल्या तालमींनी काय केलं? इंग्रजांचा फुटबॉल उचलला आणि त्याच्या जर्सीवर सरळ तालमीचं नाव घातलं. पाटाकडील तालीम मंडळ, खंडोबा तालीम मंडळ, दिलबहार, बालगोपाल हे संघ शाहू स्टेडियमवर उतरतात तेव्हा गॅलरीत पेठा बसलेल्या असतात. गडहिंग्लजला फुटबॉल असाच रुजला. खेळ परका आहे की आपला, असा वादच कुणी घातला नाही. बाबूजमाल तालमीत गणपती बसतो आणि मोहरमचा पंजाही बसतो. ज्यांना तेवढं जमतं त्यांना फुटबॉलचं काय अवघड? हाइडना काढणाऱ्यांनी आपला खेळ वाचवला हे खरं. पण एखाद्या गोष्टीत आपले लोक जास्त शहाणे ठरले असतील तर ते म्हणायला संकोच कशाला.

मग आयर्लंडचे क्लब आज दोन हजारांच्या वर आहेत, न्यूयॉर्क-लंडनपर्यंत पसरले आहेत, आणि आमच्या तालमींपैकी निम्म्यांच्या दाराला कुलूप का? नेहमीची उत्तरं ठरलेली आहेत. मोबाइल, व्यसन, जिम, मॅट. मॅट आली म्हणून माती गेली, हे मला पटत नाही. दोन्हीवर लढणारी पोरं आहेत, आणि जिल्ह्यापलीकडे जायचं तर मॅटला पर्याय नाही. जांबोटीच्या बाजूला खरं कारण पोट आहे. सकाळी चोर्ल्याच्या रस्त्याला उभं राहिलं तर या गावातली तरणी पोरं गोव्याकडे जाताना दिसतात. साखळी, म्हापसा, पणजी. हॉटेल, बांधकाम, कारखाना. गणपतीला आणि शिमग्याला परत येतात. पहाटेची तालीम अशा आयुष्यात बसत नाही. कबड्डी बसते. दिवे लावून एका रात्रीत स्पर्धा उरकता येते, सातजण जमले की संघ झाला, आणि खुराक लागत नाही. म्हणून खानापूर तालुक्यात कबड्डीची मंडळं वाढली. यात रडण्यासारखं काही नाही, माणसं जमतात ते महत्त्वाचं.

पण आयर्लंडमधूनही माणसं बाहेर गेलीच. आपल्याहून जास्त गेली. तरी क्लब टिकले, याचं कारण मला खेळात दिसत नाही, कागदात दिसतं. असोसिएशनने पहिल्या दिवसापासून लिहून ठेवलं. नियम लिहिले, सभासद लिहिले, बैठकांचे ठराव लिहिले. क्लब, त्यावर काउंटी, त्यावर प्रांत, त्यावर मध्यवर्ती सभा अशी उतरंड केली, आणि मैदानं विश्वस्तांच्या नावावर घेतली. दक्षिण आर्मामध्ये, हद्दीला लागून, क्रॉसमग्लेन नावाचं गाव आहे. १९७१ साली ब्रिटिश सैन्याने तिथल्या क्लबच्या जागेचा काही भाग ताब्यात घेतला, शेजारी तळ उभा केला. खेळ चालू असताना वर हेलिकॉप्टरं फिरायची. क्लबने ना खेळ थांबवला ना जागेवरचा हक्क सोडला, कारण हक्क सांगायला कागद होता. तोच क्लब १९९७ साली अखिल आयर्लंड क्लब विजेता झाला, आणि नंतरही अनेकदा.

आमच्याकडे तालीम कुणाच्या नावावर आहे, हा प्रश्न विचारला की गावात शांतता पसरते. जागा देसायांनी दिली होती, किंवा देवस्थानची आहे, किंवा पंचायतीची आहे, किंवा ‘आपलीच आहे की’. उतारा काढला तर त्यावर तिसऱ्याच कुणाचं नाव निघतं. वस्ताद होते तोवर तेच विश्वस्त, तेच खजिनदार, तेच दप्तर. कुणी किती वर्गणी दिली, कुठल्या साली छप्पर शाकारलं, कौलं कुठून आणली, कुणाला कधी हौद्याबाहेर काढलं आणि का, सगळं त्यांच्या डोक्यात. वस्ताद गेले की दप्तर सरणावर गेलं. मग जागेत आधी सोसायटीची खताची पोती येतात, दोन महिन्यांसाठी. ती जात नाहीत. पुढे दाराला लोखंडी शटर बसतं, आणि पाचदहा वर्षांत तिथे तालीम होती हे सांगणारे म्हातारेच तेवढे राहतात. मी ज्या बंद तालमी पाहिल्या आहेत त्यांतली एकही पोरं नाहीत म्हणून आधी बंद पडलेली नाही. आधी जागा गेली, पोरं नंतर पांगली.

याला भाषेचाही एक पदर आहे. जुने कागद असलेच तर मोडीत किंवा मराठीत, कचेरीतले नवे कागद कानडीत. ज्या म्हाताऱ्यांना जागेचा इतिहास ठाऊक आहे त्यांना नोटीस वाचता येत नाही. ज्या नातवाला कानडी शाळेमुळे नोटीस वाचता येते त्याला इतिहास ठाऊक नाही. दोघं एका बाकावर बसले तर कितीतरी प्रकरणं मिटतील. सीमाप्रश्न २००४ पासून सर्वोच्च न्यायालयात आहे, त्याचा निकाल लागेल तेव्हा लागेल. तालमीच्या उताऱ्यावर नाव चढवायला त्या निकालाची वाट पाहायचं कारण नाही.

या पार्श्वभूमीवर तालमीच्या जुन्या वर्गणीच्या पावती पुस्तकाला किती किंमत आहे ते पाहा. पिवळा पडलेला कागद, वर मारुतीचा ठसा, खाली खजिनदाराची लपेटदार सही. एका पानावर रोख पाच रुपये, पुढच्यावर रोख काही नाही, ‘भात एक कुडव’, त्याच्या खाली ‘दोन दिवस गवंडीकाम’. आणखी एका पानावर फक्त बाईचं नाव, नवऱ्याचं नाव न लावता, आणि रक्कम इतरांपेक्षा मोठी. ती कोण, तिने तालमीला का दिलं, हे आज कुणाला सांगता येत नाही. पण दिलं होतं हे तरी कळतं. एरवी तालमीच्या इतिहासात बाई कुठे सापडायची? हौद्यात बाईने उतरायचं नाही हा दंडक इतका घट्ट होता की उंबऱ्यावर डबा ठेवून आई परत फिरायची. तिने घासलेल्या तांब्यातून दूध पिऊनच पैलवान उभा राहिला, आणि भिंतीवरच्या फोटोत तिला जागा नाही.

आयर्लंडमध्येही बायकांना मुख्य संघटनेत आपणहून कुणी बसवलं नाही. त्यांनी कामोगीची, म्हणजे बायकांच्या हर्लिंगची, संघटना १९०४ साली काढली, फुटबॉलची १९७४ साली, आणि आता कुठे तिन्ही एका छताखाली आणण्याचं काम चालू आहे. आपल्याकडे महिलांची पहिली महाराष्ट्र केसरी स्पर्धा २०२३ साली सांगलीला झाली, प्रतीक्षा बागडी जिंकली. पुरुषांची १९६१ पासून चालू होती. सीमाभागातल्या खेड्यांत मुलगी अजून शाळेच्या मॅटवर लढते, गावच्या हौद्यात नाही. एखाद्या गावाने हा दंडक मोडला तर बंद पडलेलं दार उघडायला पोरींचीच संख्या पुरेल, असं माझं मत आहे. जुन्या मंडळींना ते आवडणार नाही. त्यांच्याशी वाद घालायची माझी तयारी आहे.

या संग्रहात काय नाही तेही सांगायला हवं. गाजलेल्या कुस्त्यांची वर्णनं थोडी आहेत. ती बेळगावच्या ‘तरुण भारत’च्या जुन्या अंकांत हवी तेवढी सापडतात. कबड्डी मंडळांवर स्वतंत्र पुस्तक व्हायला हवं, त्यांना इथे दोनच लेखांत बसवलं आहे. निपाणीकडचा भाग दाट झाला आहे आणि घाटाकडचा विरळ, कारण तंबाखूच्या बाजारपेठेत कागद लिहायची सवय होती आणि आमच्या रानात नव्हती. वाचकाने सुरुवात वस्तादांच्या आठवणींपासून करू नये. त्या रसाळ आहेत, त्यांत गुंतलात की बाकीचं राहून जाईल. शेवटी दिलेल्या वर्गणीच्या याद्या, छप्पर शाकारणीचे हिशेब आणि जागेचे उतारे आधी वाचा. मग आपल्या गावच्या तालमीचा उतारा कुणाच्या नावावर आहे ते तलाठ्याकडे जाऊन विचारा, आणि घरी पावती पुस्तक सापडलं तर त्याचे फोटो काढून संपादकांकडे पाठवा. दुसऱ्या भागाचं काम सुरू झालं आहे.

जांबोटी, ता. खानापूर